हद्दीबाहेरचा कौल

आमच्या गावच्या देवीनं अनुजाच्या लग्नाचं प्रकरण जपानातल्या क्योटो शहराकडे वर्ग केलं, हे मी शपथेवर सांगतो. माझ्या पदरचं त्यात काही नाही. परळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी छत्तीस वर्षं काढली आणि त्या छत्तीस वर्षांत एकही खोटी नोंद केली नाही. अनुजा, म्हणजे माझी एकुलती एक मुलगी, त्याच कॉलेजात होती आणि दुसऱ्या वर्षाला तिची हजेरी दोन दिवसांनी कमी भरली. ‘बाबा, दोनच दिवस!’ म्हणाली. मी म्हटलं, दोन म्हणजे दोन. तिला जादा परीक्षेला बसावं लागलं आणि महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. पण रजिस्टर स्वच्छ राहिलं. आज त्याच रजिस्टरच्या पानात कोणी भेळ खात असेल, ती गोष्ट वेगळी.

तर कौल. कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. गुरव देवीच्या मूर्तीवर ओल्या फुलाच्या कळ्या चिकटवतो, मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात आणि मग सगळे टक लावून बसतात. उजवीकडची कळी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर नकार. आमची अंबिका कौलाशिवाय घरातली खुर्ची हलवू देत नाही. चाळ पाडून टॉवर होणार होता तेव्हा बिल्डरच्या कागदावर सही करायच्या आधी कौल. फ्रिज दोन दारांचा घ्यावा का, कौल. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा देवीनं डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला होकार दिला आणि उजव्याला दिला नाही. माझा उजवा डोळा अजून तसाच आहे. डॉक्टरांना कारण सांगताना मला जे काही वाटलं ते इथे लिहीत नाही.

अनुजा तीन वर्षं क्योटोला लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. तिथेच तिला यतीन भेटला. गिरगावचा, पाठारे प्रभूंचा मुलगा, कॅमेऱ्याच्या भिंगांच्या कारखान्यात कामाला. गिरगाव आणि परळ यांच्यात बसनं पाऊण तासाचं अंतर, आणि ह्या दोघांची गाठ पडली क्योटोच्या एका दुकानात, कोथिंबीर शोधताना! सुट्टीत घरी आला तेव्हा त्यानं पापलेटच्या कालवणातलं डोकं मागून घेतलं आणि असं निगुतीनं खाल्लं की अंबिका स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. मुलगा पसंत, घर पसंत. त्याची आई सुमतीबाई तर इतकी हौशी की दादरच्या हॉलची मे महिन्यातली तारीखही अडकवून ठेवली. अडलं होतं ते फक्त देवीच्या होकारावर.

आबा गुरवानं सलग तीन सकाळी व्हिडिओ कॉलवर कौल लावला. आम्ही दोघं डायनिंग टेबलावर फोन उभा करून, आंघोळ करून, हात जोडून. कळी हलेना. उजवी नाही, डावी नाही. पहिल्या दिवशी नेटवर्क गेलं असं वाटून मी फोन दोनदा हलवून पाहिला. तिसऱ्या दिवशी आबाच कंटाळला.

‘वैनीनू, चेडू खंय आसा तुमचा?’

‘जपानाक,’ अंबिका म्हणाली.

‘आणि नवरो झील?’

‘तो पण थंयच.’

‘मगे आमची देवी काय बोलतली? तिची हद्द गावच्या व्हाळापर्यंत. चेडू जेच्या हद्दीत रवता, तेका इचारूक व्हया. थंयच्या राखणदाराक. आणि आवशीन, बापाशीन, दोघांनी इचारूचा. एकट्याचो कौल धरूचो नाय.’

राखणदार म्हणजे त्या-त्या हद्दीचा रखवालदार देव, आणि हद्द म्हटल्यावर मला ते लगेच पटलं. आयुष्यभर मी लोकांना हेच सांगत आलो होतो, की हे आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या खिडकीवर जा. देवीनं तेच सांगितलं. देवीविषयी मला त्या दिवशी पहिल्यांदा आपलेपणा वाटला. फक्त पलीकडची खिडकी सहा हजार किलोमीटरवर होती.

आता मला काय वाटत होतं ते एकदा सांगून टाकतो. लग्न झालं की दोघं तिकडेच राहणार होती. घरसुद्धा बघून ठेवलं होतं, नदीच्या काठचं. सगळे मुलाबद्दल बोलत होते, हॉलबद्दल बोलत होते, मेन्यूत कोलंबी ठेवायची की नाही यावर दोन घरांत चर्चा झाली होती. पोरगी कायमची लांब जाते आहे हे बापाला चालेल का, असा कॉलम कुठेच नव्हता. आणि कॉलम नाही तिथे मी लिहीत नाही.

आम्ही क्योटोला कौल लावायला निघालोय ही बातमी लिफ्टनं चौदाव्या मजल्यापर्यंत गेली. आमच्या शेजारी नाना राहतात. नाना एकदा बँकॉकला चार रात्री जाऊन आले आहेत आणि तेव्हापासून मंगोलिया ते मालदीव हा सगळा मुलूख त्यांच्या अखत्यारीत आहे.

‘दौलत, दोरी घे,’ नाना म्हणाले.

‘दोरी?’

‘नायलॉनची. परदेशात सगळं मिळतं रे, दोरी मिळत नाही. बँकॉकला माझ्या बॅगेची चेन तुटली तेव्हा मी काय केलं असेल?’

‘काय केलंत?’

‘तेच तर! दोरी नव्हती!’ असं म्हणून त्यांनी स्वतःच्या घरातली पंधरा फूट निळी दोरी आणून माझ्या हातात ठेवली. पुढे क्योटोच्या प्रत्येक देवळाच्या दारावर माझ्या दंडाएवढा जाड दोर बांधलेला पाहिला तेव्हा मला नानांची फार आठवण झाली. आमच्या सोसायटीची सेक्रेटरी नम्रता, तिनं सल्ला दिला की काका, व्हिसाच्या फोटोत हसू नका. तो सल्ला मी तिथल्या तिथे परत केला. छत्तीस वर्षांत मी कुठल्याच फोटोत हसलेलो नाही.

व्हिसाच्या फॉर्मबरोबर रोजचा कार्यक्रम लिहून द्यायचा असतो. आता मला सांगा, छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म तपासलेल्या माणसाला कोणी असा फॉर्म दिला तर तो काय करील? मी आठ दिवस बसलो. नकाशा आणला, अनुजाकडून बसच्या वेळा मागवल्या आणि अकरा पानं भरली. ‘दिवस दुसरा. सकाळी ६.४० उठणे. ६.५० चहा. ८.१५ घर सोडणे. ९.०० ते ९.५० सोन्याचे मंदिर पाहणे. ९.५० ते १०.०० तेथेच बाकावर बसणे.’ अंबिकानं कार्यक्रमात भर घातली. सोमवार आणि चतुर्थीचा उपास, गुरुवारी केस धुणे. मी तेही घातलं. पाचवा दिवस बुधवार होता आणि त्याच बुधवारी सकाळी नऊपर्यंत हॉलवाला थांबणार होता, नंतर तारीख दुसऱ्या पार्टीला. सुमतीबाईंनी तसं तीनदा बजावलं होतं. आपले नऊ म्हणजे तिकडचे साडेबारा. तेव्हा कौल त्याच्या आत.

व्हिसाच्या ऑफिसात खिडकीवरच्या मुलीच्या छातीवर ‘दर्शना’ अशी पट्टी होती. तिनं पानं उलटली, मग पुन्हा उलटली.

‘काका, हे काय आहे?’

‘कार्यक्रम. तुम्हीच मागितलाय.’

‘दिवसाला एक ओळ पुरते हो. क्योटो, देवळं बघणे. बस.’

‘देवळं किती आहेत तिथे, माहीत आहे? दोन हजाराच्या घरात आहेत म्हणतात. कुठल्या देवळात, किती वाजता, हे त्या सरकारला नको कळायला?’

‘आणि हे काय? केस धुणे?’

‘तो मिसेसचा आहे,’ मी म्हटलं.

मागे रांगेत कोणीतरी खोकलं. दर्शनाला दया आली की राग, कळलं नाही, पण तिनं अकराच्या अकरा पानं फाइलला लावली. मी पोच मागितली. तिनं पासपोर्ट घेतल्याची पावती दिली. त्यावर पानांची संख्या नव्हती, ती मी माझ्या पेननं लिहिली. दहा दिवसांत व्हिसा आला. म्हणजे माझी अकरा पानं जपान सरकारनं वाचली आणि मंजूर केली. आता त्यातून पाच मिनिटं जरी इकडची तिकडे झाली असती तरी ते एका सार्वभौम राष्ट्राशी खोटं बोलणं झालं असतं. अनुजा फोनवर म्हणाली, ‘बाबा, ते कोणी बघत नाही!’ हजेरीच्या वेळीही ती हेच म्हणाली होती.

नारळाचं प्रकरण विमानतळावर झालं. राखणदाराकडे रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून अंबिकानं परसातला असोला, म्हणजे न सोललेला, नारळ गावाहून मागवून बॅगेत घातला होता, नानांच्या दोरीनं बांधून. जपानात उतरल्यावर एक फॉर्म भरायचा असतो. तुमच्याकडे फळं, झाडं, बिया आहेत काय? अंबिकानं मला कोपरानं ढोसलं.

‘नाय म्हणान लिवा.’

मी ‘हो’ लिहिलं. पुढे जागा होती तिथे ‘नारळ, नग एक’ असंही लिहिलं.

एका अधिकाऱ्यानं आम्हाला बाजूला घेतलं. पोरसवदा होता, हातात पांढरे मोजे. त्यानं दोरी सोडली, नारळ दोन्ही हातांनी उचलला, आमच्यासमोर कमरेत वाकला आणि काहीतरी हळू आवाजात बोलला. अंबिका एकदम भारावली. एवढ्या मानानं तिचा नारळ आबा गुरवानंही कधी घेतला नव्हता. तिनं परत नमस्कार केला. तो पुन्हा वाकला. ही पुन्हा वाकली. असं चारदा झाल्यावर त्यानं नारळ एका निळ्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. मग माझी सही घेतली.

अंबिका माझ्याशी दीड दिवस बोलली नाही. तेवढी शांतता कार्यक्रमात धरलेली नव्हती.

आता खरं काम सुरू झालं. दोन हजार देवळांच्या शहरात राखणदार कोण, हे ठरवायचं कसं? अंबिकाची पद्धत अशी की देवळात जायचं, देवाकडे बघायचं आणि निकाल द्यायचा. सोन्याच्या मंदिरासमोर ती जेमतेम दोन मिनिटं उभी राहिली. तळ्यात ते देऊळ असं झळाळत होतं की माझा मोतीबिंदूवाला डोळासुद्धा दिपला. पण ती म्हणाली, ‘ह्यो देव बंगल्यात रवता. ह्याका परळ काय कळतला?’ झालं, बाद. तरीही मी सगळ्यांना दहा वाजेपर्यंत बाकावर बसवलं, कारण तसं लिहून दिलं होतं. थंडी मरणाची होती. यतीन बिचारा माझ्या शेजारी बसला आणि दर दोन मिनिटांनी मला वेळ सांगत राहिला. मुलगा खरंच चांगला आहे.

दुपारी चांदीचं मंदिर. नाव चांदीचं आणि अंगावर चांदीचा वर्खसुद्धा नाही! साधं लाकडी देऊळ. मी अनुजाला दोनदा विचारलं की आपण बरोबर ठिकाणी आलोय ना. ती म्हणाली, चांदी लावायची राहूनच गेली म्हणतात. किती वर्षं झाली? पाचशेच्या वर. मला ते देऊळ फार आवडलं. आमच्या टॉवरचा स्विमिंग पूलही असाच माहितीपत्रकात आहे. पण अंबिकाचं मत पडलं की ज्याचं स्वतःचंच काम पाचशे वर्षं अडलंय तो आपलं काय करणार. तोही बाद.

मग एक लांबलचक देऊळ, त्यात करुणादेवीच्या एक हजार एक मूर्ती, ओळीनं उभ्या. अंबिकानं पहिल्या मूर्तीला हात जोडले. मग दुसरीला. तिसरीला. एकीला करायचा आणि दुसरीला नाही, असं कसं? कार्यक्रमात तिथे पंचेचाळीस मिनिटं धरली होती. पंचेचाळीस मिनिटांत ती एकशे ऐंशीव्या मूर्तीपर्यंत पोहोचली. मी घड्याळ दाखवायला लागलो, ती नमस्कार मोजायला लागली आणि शेवटी यतीननं तोड काढली. म्हणाला, ‘काकू, उरलेल्यांना एकत्र केला तर? आमच्याकडे पंगतीत उशिरा आलेला माणूस सगळ्यांना मिळून एकच नमस्कार करतो.’ ते तिला पटलं. बाहेर आल्यावर मीच म्हटलं, हजार जणांकडे अर्ज द्यायचा नाही. हजार जण म्हणजे कमिटी, आणि कमिटीकडे गेलेला कागद परत येत नाही. माझ्या ह्या मताला अंबिकानं मान डोलावली. म्हणजे बोलणं पुन्हा सुरू झालं.

चौथ्या दिवशी राजवाडा होता. तो माझ्या हौसेचा. तिथेही दारात बूट काढावे लागतात. जपानला जायचं म्हणून मी हिंदमाताच्या बाजारात सहा जोड मोजे घेतले होते आणि त्यातल्या प्रत्येक जोडाच्या डाव्या मोज्याला चौथ्या दिवसापर्यंत भोक पडलं होतं. अंगठा बाहेर. इतकी स्वच्छ, गुळगुळीत जमीन, शंभर माणसं अदबीनं चाललेली, आणि त्यात माझा अंगठा सगळ्यांच्या पुढे. मी हाताची घडी घालून वर छताकडे बघत चालायला लागलो आणि तेवढ्यात पायाखालून आवाज आला.

कुईं. कुईं, कुईं.

अनुजानं सांगितलं की ही जमीन मुद्दाम तशी आहे. चोरपावलांनी कोणी आलं तर फळ्या पक्ष्यांसारख्या किलबिलतात, म्हणजे मालकाला कळतं. चारशे वर्षं त्यांनी तो आवाज जपला आहे. अरे, आमच्या चाळीच्या गॅलरीचा असाच आवाज यायचा! आम्ही वीस वर्षं मालकाकडे तक्रार करत होतो! मी तिथे उभाच राहिलो. तेव्हा मला आवाजावरून कळायचं कोण येतंय ते. नानांचं पाऊल जड पडायचं. अंबिकाचं पाऊल झपाझप. आणि अनुजा शाळेतून आली की मधली एक फळी मुद्दाम उडी मारून वाजवायची, मग मी आतूनच म्हणायचो, ‘आलं वाटतं!’ टॉवरमध्ये गुळगुळीत लाद्या आहेत. कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही.

‘बाबा, काय झालं?’ अनुजानं विचारलं.

‘काही नाही. दहा मिनिटं उशीर झालाय,’ मी म्हटलं, आणि पुढे चालायला लागलो.

बुधवार उजाडला. राखणदाराचा पत्ता नव्हता आणि सुमतीबाईंचे मेसेज सुरू झाले होते. ‘हॉलवाला विचारतोय.’ ‘काय झालं कळवा.’ मग नुसतं एक प्रश्नचिन्ह. कार्यक्रमाप्रमाणे अकरा ते अकरा चाळीस आम्हाला डोंगरावरच्या फुशिमी इनारीच्या देवस्थानात असायचं होतं. तिथे हजारो लाल कमानी आहेत, एकीला एक लागून, डोंगर चढत गेलेल्या. प्रत्येक कमानीवर देणगीदाराचं नाव आणि तारीख. ते पाहून मला घरच्यासारखं वाटलं. आमच्या देवळात पंख्याच्या तीन पात्यांवर तीन भावांची नावं आहेत.

कमानींच्या तोंडाशी अंबिका एकदम थबकली. दोन्ही बाजूंना दगडी कोल्हे बसले होते, गळ्यात लाल फडकी, आणि एकाच्या तोंडात चावी.

‘बघितलास?’ ती अनुजाचा हात धरून म्हणाली. ‘चावी कोणाकडे दितंव आपण? घर राखणाऱ्याकडे. ह्योच तो!’

‘आई, ती धान्याच्या कोठाराची चावी आहे असं म्हणतात.’

‘मगे? कोठार काय चोराक राखूक दितत?’

अनुजानं वाद सोडून दिला आणि आम्ही कमानींतून चढायला लागलो. वर छोटं देऊळ होतं आणि त्याच्या मागे दोन दगडी दिवे. दर दिव्याच्या माथ्यावर एकेक सुटा दगड, असा नारळाएवढा, गोल. लोक रांग लावून तो उचलत होते आणि परत ठेवत होते. यतीननं समजावून सांगितलं. मनात प्रश्न धरायचा, दगड केवढा जड असेल याचा अंदाज बांधायचा आणि उचलायचा. अंदाजापेक्षा हलका लागला तर इच्छा पुरी होणार. जड लागला तर नाही.

‘म्हणजे कौल!’ अंबिका म्हणाली, आणि पदर खोचला.

आमच्या मागे शाळेची सहल होती. निळ्या गणवेशातल्या चाळीसेक मुली आणि एक चष्मेवाल्या बाई. अंबिकानं त्यांच्याकडे बघितलं नाही की माझ्याकडे बघितलं नाही. दिव्यासमोर उभी राहिली, हात जोडले आणि परळच्या चाळीत पाणी आल्याची वर्दी द्यायची त्या आवाजात सुरू झाली.

‘बा देवा म्हाराजा! चावीवाल्या राखणदारा! आज आमी परळसून तुझ्या हद्दीत इलंव!’

‘व्हय म्हाराजा!’ अनुजा आणि यतीन म्हणाले. गिरगावच्या त्या पोरानं हे पाठ करून ठेवलं होतं, हे तेव्हा कळलं.

‘आमचो नारळ तुझ्या माणसान इमानतळावर घेतल्यान, तो तुका पावलो असा समज!’

‘व्हय म्हाराजा!’

ह्या वेळी आवाज जरा मोठा वाटला. वळून बघतो तर मागच्या पाच-सहा मुलींनी हात जोडले होते. त्यांना वाटलं असावं, इथली हीच रीत आहे.

‘ह्या चेडवाचा लगीन ह्या झिलाबरोबर तुझ्या मनात आसात, तर दगड हलको कर! आणि काय चुकला असात तर पोरां समजान पदरात घे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ चाळीस मुली, त्यांच्या बाई आणि कॅमेरा गळ्यात घातलेला एक लालबुंद गोरा. डोंगर दणाणला. झाडावरचे दोन कावळे उडाले. मी आजूबाजूला बघितलं, कुठे तोंड लपवायला जागा आहे का, तर सगळीकडे कमानीच.

अंबिकानं दगड उचलला. आणि इथे तिच्या हातांनी घात केला. गाऱ्हाणं संपलं की नारळ कपाळापर्यंत न्यायचा आणि दाणकन फोडायचा, ही त्या हातांची चाळीस वर्षांची सवय. दगड छातीपर्यंत आला, कपाळापर्यंत आला, डोक्याच्या वर गेला.

‘अगं फोडू नको!’ मी ओरडलो. ‘नारळ नाही तो!’

देवळातला पांढऱ्या झग्यातला एक माणूस सपाता फटफटवत धावत आला. यतीननं तिचे हात खालून धरले. अनुजा चारी दिशांना वाकून माफी मागायला लागली. पोरी दोन पावलं मागे सरकल्या. अंबिका भानावर आली, जीभ चावली आणि अंड्यासारखा अलगद तो दगड परत दिव्यावर ठेवला. त्या माणसानं तो सगळ्या बाजूंनी तपासला, आमच्याकडे बघितलं, आणि देवमाणूस तो, वाकून नमस्कार केला.

‘हलको!’ अंबिका म्हणाली. चेहरा असा फुललेला की मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. ‘अगदीच हलको, पोरांनू!’ दगड डोक्यावर नेल्यावर त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग ती माझ्याकडे वळली. ‘आता तुमी.’

‘अकरा अडतीस झाले,’ मी म्हटलं. ‘अकरा चाळीसला निघायचं असं लेखी दिलंय.’

‘आबान काय सांगितल्यान? दोघांनी. एकट्याचो कौल धरूचो नाय.’

‘पण सरकारला–’

‘बाबा,’ अनुजा म्हणाली.

यतीनच्या खिशात फोन वाजत होता. सुमतीबाई. त्यानं तो काढला नाही. मी बूट सावरले, चष्मा सावरला, आणि दिव्यासमोर जाऊन उभा राहिलो. प्रश्न धरायचा. कुठला प्रश्न धरू? लग्न होऊ दे, हे तर मलाही हवंच होतं. पण मनाच्या तळाशी जे होतं ते त्या राखणदाराला दिसत असणारच. मला वाटत होतं दगड जड लागावा. फार नाही, थोडाच. म्हणजे दोष माझा नाही, दगडाचा. म्हणजे प्रकरण अजून वर्षभर पेंडिंग राहील आणि ती एखाद्या संध्याकाळी परत येईल. मी अंदाज बांधला. असेल चार-पाच किलो. दोन्ही हात घातले आणि उचलला.

जड होता. शपथेवर सांगतो, फार जड होता. दिव्यापासून चार बोटंसुद्धा वर आला नाही. मनगटं भरून आली, खांद्यात कळ गेली आणि मी तो जेमतेम जागेवर टेकवला.

चाळीस पोरी माना पुढे काढून बघत होत्या. अनुजा माझ्यासमोर उभी होती, दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून. कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीपलीकडे ती अशीच उभी होती, दोन दिवस कमी भरले तेव्हा.

‘कसा लागला, बाबा?’

छत्तीस वर्षांची सर्व्हिस. एकही खोटी नोंद नाही.

‘हलका,’ मी म्हटलं.

तिनं मला मिठी मारली, यतीन पाया पडायला वाकला, त्याचं डोकं माझ्या पोटावर आपटलं, आणि ह्या गडबडीत अकरा चाळीस कधी होऊन गेले ते कोणी बघितलं नाही. तिच्या खांद्यावरून मला अंबिका दिसत होती. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती. दोन्ही हात अजून लटलट कापत होते, थांबवतो म्हटलं तरी थांबेनात.

तिनं ते नीट बघितलं. मग चावीवाल्या कोल्ह्याकडे वळून हात जोडले आणि अगदी हळू म्हणाली, ‘व्हय म्हाराजा.’

आणि मागच्या चाळीस पोरींनी ते पुन्हा एकदा दणाणून म्हटलं.